सभापतीबाईंचं मत

आमच्या ईस्ट कॉर्बरी गावात सभापतीला मत नसतं. म्हणजे कायद्याने असतं, पण ते दाखवायचं नसतं. दर वर्षी मार्चच्या पहिल्या मंगळवारी सगळं गाव शाळेच्या व्यायामशाळेत जमतं आणि रस्त्याच्या खडीपासून वॉशिंग्टनच्या कारभारापर्यंत सगळ्यावर तोंडसुख घेतं. मी हातात लाकडी हातोडा घेऊन कोणाची पाळी आधी आणि कोणाची नंतर, एवढंच बघायचं. अठरा वर्षं मी हे काम करत होते. माझं मत कुठल्या पक्षाला जातं हे नवरा वारला तोवर त्यालाही कळलं नव्हतं, आणि या गोष्टीचा मला चांगलाच तोरा होता.

त्या वर्षी, दोन हजार तीन साली, माझी मुलगी कॉरिन बावीस वर्षांची होती. कॉलेजच्या फीची सोय होते म्हणून ती नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राखीव सैन्यात, भरती झाली होती. महिन्यातून एकदा कवायत, उन्हाळ्यात दोन आठवड्यांचं शिबिर. आदल्या शुक्रवारी तिला हुकूम आला: सभेनंतरच्या आठवड्यातल्या गुरुवारी हजर व्हायचं. कुठे नेणार ते लिहिलं नव्हतं, पण त्या मार्चमध्ये ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सभेच्या दिवशी सकाळी हातात नऊ दिवस होते.

मी तव्यावर पॅनकेक उलटत होते तेव्हा तिने विचारलं, "आई, तुला काय वाटतं?"

"कशाबद्दल?"

"या लढाईबद्दल. आम्हाला पाठवताहेत त्याबद्दल. बरोबर आहे की चूक?"

"आज मला काही वाटत नाही. आज सभा आहे."

"मग उद्या सांगशील?"

"बघू."

"तू ना आई, सभा नसते तेव्हाही सभापतीच असतेस," ती म्हणाली आणि मेपलचा पाक स्वतःच्या ताटात नको इतका ओतून घेतला.

मला मत होतं. ऑक्टोबरपासून होतं, आणि ते अगदी स्पष्ट होतं: चूक. पण हे पोरीला कसं सांगायचं? तिकडे वाळूत एखाद्या क्षणी झटकन काही करायची वेळ आली आणि आईचा शब्द आठवून ती अर्धा श्वास थांबली तर? बरोबर आहे म्हणावं तर ती माझा खोटेपणा लहानपणापासून लगेच पकडते. म्हणून मी गप्प बसले आणि त्या गप्प बसण्याला कर्तव्य असं नाव दिलं.

सभा नऊला सुरू झाली. बाहेर बर्फ वितळून गुडघाभर चिखल झाला होता, मेपलच्या झाडांना रस सुटायला लागला होता आणि निम्म्या गावाचं लक्ष तो गोळा करायला टांगलेल्या आपापल्या बादल्यांकडे होतं. बायका विणकाम घेऊन बसल्या होत्या. मागच्या बाजूला स्वयंपाकघरात घेवडा शिजत होता.

आमच्या सभेचा एक नियम आहे. कोणी कोणाशी थेट बोलायचं नाही. जे बोलायचं ते सभापतीला उद्देशून. बाहेरगावच्या लोकांना याचं हसू येतं. येऊ दे. हा नियम नसता तर हॉलिस प्राउटी आणि एव्हरेट किंबॉल यांच्यापैकी एक जण केव्हाच तुरुंगात आणि दुसरा दवाखान्यात असता. दोघांची घरं रस्त्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर. शाळेची नवी इमारत बांधायची की नाही यावरून त्यांचं एकोणतीस वर्षांपूर्वी वाजलं, तेव्हापासून दोघे एकमेकांशी वर्षातून एकदाच बोलत, आणि तेही सभापतीमार्फत.

हॉलिस चौऱ्याहत्तर वर्षांचा. चाळीस गाई आणि चारशे मतं. देश कसा सुधारावा याबद्दल तो दर आठवड्याला तालुक्याच्या वर्तमानपत्राला पत्र लिहितो. निवडणुका कशा घ्याव्यात, कर कोणावर किती लावावा, वॉशिंग्टनच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, माणसाने किती वर्षं बसावं, सगळ्याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. दर वर्षी तो दारोदार फिरून पुरेशा सह्या गोळा करतो आणि गावसभेच्या यादीत आपला एक ठराव घुसवतो. एव्हरेट एकाहत्तरचा, कोरियात लढून आलेला. तीस वर्षं त्याने गावचे रस्ते सांभाळले. मे महिन्यात शहीद सैनिकांच्या स्मरणार्थ मिरवणूक निघते तेव्हा झेंडा त्याच्याच हातात असतो.

त्या वर्षीचा हॉलिसचा ठराव चौदा नंबरचा होता. काँग्रेसमधल्या आपल्या प्रतिनिधींना गावाने कळवावं, की कुठल्याही लढाईवर सैन्य पाठवण्याआधी त्या लढाईचं नाव घेऊन मतदान व्हावं, आणि प्रत्येक सभासदाने जागेवर उभं राहून, स्वतःचं नाव सांगून, हो किंवा नाही म्हणावं.

"सभापतीबाई," हॉलिस म्हणाला, "ऑक्टोबरात काँग्रेसने काय केलं? राष्ट्राध्यक्षांना चिठ्ठी लिहून दिली. वाटलं तर लढा, नाही वाटलं तर राहू द्या. पोराला सहलीला पाठवताना आपण शाळेला देतो ना, तसली चिठ्ठी."

एव्हरेट उठला. "सभापतीबाई, त्या गृहस्थांना विचारा, त्या मतदानात नावं नोंदली गेली की नाही?"

"सभापतीबाई, गेली नोंदली. बहुतेकांची यंत्राच्या खोबणीत कार्ड सरकवून. माझ्या गाईंच्या कानातही बिल्ला आहे. नोंद त्यांचीही होते."

लोक हसले. मी हातोडा आपटला. एव्हरेट हसणं थांबेपर्यंत थांबला.

"सभापतीबाई, माझं म्हणणं साधं आहे. मिल रोडची मोरी तीन वर्षं तुंबलेली आहे. ती आपल्याच्याने मोकळी होत नाही आणि आपण वॉशिंग्टन मोकळं करायला निघालोय." यावर लोक आणखी मोठ्याने हसले. "मी कोरियात गेलो तेव्हा कोणी उभं राहून नाव सांगितलं नव्हतं. तरी गेलो. ज्यांना पाठवतात ते जातात. ते गेल्यावर गावाने मागे बसून कुरकुर करू नये. बस."

हे बोलताना तो पहिल्या रांगेत उभा होता आणि कॉरिन तिसऱ्या रांगेत बसली होती. हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं की ज्यांना पाठवतात त्यांच्यातली एक इथेच बसली आहे. कोणी तिच्याकडे बघितलं नाही. मी तर नाहीच.

आवाजी मतदान घेतलं. दोन्हीकडचा आरडाओरडा सारखाच वाटला, तेव्हा कोणीतरी मोजणी मागितली. आमच्याकडे मोजणी म्हणजे उभं राहायचं. आधी ठरावाच्या बाजूचे उभे राहतात, मोजून झाले की बसतात, मग विरुद्ध बाजूचे. आपण कुठे आहोत ते शेजाऱ्याला दिसतं, सासूला दिसतं, उधारीवर खत देणाऱ्यालाही दिसतं. एव्हरेटचे दोन्ही गुडघे गेलेले. तो शेजारच्या खुर्चीची पाठ धरून उठला आणि मोजणी होईपर्यंत दात आवळून उभा राहिला. कॉरिन दोन्ही वेळा बसून होती.

सत्तावन्न बाजूने, साठ विरुद्ध. मी म्हटलं, ठराव फेटाळला आहे, आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली.

जेवायला हॅम, घेवडा आणि पाव होता. गोडाच्या टेबलावर कॉरिन भाजलेल्या पाईचे तुकडे वाढत होती. मी कॉफीच्या मोठ्या पिंपामागे उभी राहून आपला कप भरत होते. एव्हरेट काठी टेकत तिच्यापाशी आला. त्याने मला बघितलं नाही.

"कुठला देऊ, मिस्टर किंबॉल? सफरचंदाचा की मेपलचा?"

"सफरचंदाचा." तो थोडा घुटमळला. "मी तुझ्याविरुद्ध उभा राहिलो नव्हतो, कॉरिन."

"माहितीये. मला राग नाही आला. मी बघत होते तुमच्याकडे. गुडघे फार दुखतात ना?"

"जीव जातो."

"तरी राहिलात उभे. मी मनात म्हटलं, चला, हा एक माणूस तरी मला दिसला." तिने पाईचा तुकडा बशीत ठेवला. "मला पाठवायचं ज्यांनी ठरवलं त्यांच्यातलं कोणीच मला कधी दिसलं नाही. आणि घरात आईला विचारावं तर ती म्हणते, आज सभा आहे."

ती हसली. एव्हरेट हसला नाही. त्याने बशी घेतली, खिडकीशी गेला आणि बराच वेळ बाहेर चिखलात उभ्या असलेल्या गाड्या बघत राहिला. पाईला त्याने हात लावला नाही. मी कप भरून वाहीपर्यंत नळ उघडा ठेवला होता आणि कॉफीने माझी बोटं भाजली.

जेवणानंतरचा पहिला विषय मिल रोडची मोरी. मी नंबर वाचण्याआधीच एव्हरेट उठला. मला वाटलं, मोरीवर बोलायची याला आता घाई झाली आहे.

"सभापतीबाई, ठराव चौदा. मी सकाळी जिंकलेल्या बाजूने मत दिलं. मी फेरविचार मागतो."

विणकामाच्या सुया थांबल्या. सभेच्या नियमांचं पुस्तक मला पाठ आहे. एकदा निकालात निघालेला ठराव पुन्हा उघडायचा तर ते मागायचा हक्क फक्त जिंकलेल्यांना आहे. हरलेल्याने कितीही आकांडतांडव केलं तरी त्याला ते मागता येत नाही. जिंकलेल्यांपैकी एकाने आपणहून उठून म्हणायला हवं, की मी जिंकलो, पण पुन्हा बघू या. अठरा वर्षांत मी हा नियम कोणाला वापरताना बघितलं नव्हतं. मला तो वकिलांनी उगाच घालून ठेवलेला वाटायचा. हातातलं कोण सोडतं? आता तो माणूस माझ्यासमोर खुर्ची धरून उभा होता. इतकी वर्षं जे पुस्तक मी आपलं समजत होते ते मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

"कारण सांगाल?" मी विचारलं.

"माझं मत बदललेलं नाही. पुन्हा मोजणी झाली तर मी पुन्हा विरुद्धच उभा राहीन. पण सकाळी मी जे बोललो ते त्या मुलीकडे पाठ करून बोललो. ती तिसऱ्या रांगेत, मी पहिल्या. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याकडे पाठ करायची, हे फौजेत चालत नाही आणि माझ्या आईच्या घरातही चालत नव्हतं. मला ते तिच्या तोंडावर बोलायचंय." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "आणखीही कोणाला बोलायचं असेल तर त्यांनाही संधी मिळेल."

हॉलिस ताडकन उठला. "अनुमोदन. सभापतीबाई, त्या गृहस्थांना सांगा की..." आणि त्याला पुढचं सुचेना. चारशे मतांच्या माणसाला. "काही नाही. अनुमोदन," म्हणून तो खाली बसला.

फेरविचार मंजूर झाला, चर्चा पुन्हा खुली झाली. एव्हरेट काठीवर भार देत सावकाश मागे वळला.

"सभापतीबाई," तो कॉरिनकडे बघत म्हणाला, आणि मी त्याला टोकलं नाही, "तिला सांगा, ती निघेल त्या दिवशी मी झेंडा घेऊन रस्त्यावर उभा असेन. आणि तिला सांगा, मी या ठरावाच्या विरुद्ध का आहे. कोरियात मला घरून पत्रं यायची. गावात लढाईवरून भांडणं चाललीत असं एकदा आईने लिहिलं. त्यानंतर आठ दिवस मी डोक्यात तेच घेऊन फिरलो, आणि तिथे डोक्यात दुसरं काही असून चालत नाही. तिच्या वाट्याला ते येऊ नये. एवढंच आहे."

तो बसला. माझ्या पोटात जे होतं ते अक्षरशः तेच होतं. फक्त त्याने ते सगळ्या गावादेखत, पोरीच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, आणि मी घरच्या स्वयंपाकघरात, फक्त आम्ही दोघीच असताना, गिळून टाकलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

"आणखी कोणाला बोलायचंय?" मी विचारलं. कोणी हात वर केला नाही.

सभापतीला बोलायचं असेल तर खुर्ची सोडावी लागते, आणि तो ठराव निकालात निघेपर्यंत परत बसता येत नाही. मी हातोडा शेजारी बसलेल्या गावच्या क्लार्कला, आर्डिसला दिला. म्हटलं, सभेची हरकत नसेल तर हा ठराव संपेपर्यंत तू चालव. हरकत कोणी घेतली नाही. आर्डिस तीस वर्षं सभेचं टिपण घेते. ती माझ्या कानाशी म्हणाली, "लॉर्ना, बरं वाटतंय ना तुला?"

मी पायऱ्या उतरून खाली आले. खालून ती जागा फार वेगळी दिसते. वरून सगळ्यांची डोकी दिसतात, खालून चेहरे. मी कुठे उभं राहायचं तेही मला कळेना. शेवटी भिंतीला टेकून उभी राहिले.

"सभापतीबाई," मी म्हटलं, आणि माझ्या तोंडी तो शब्द ऐकून कोणीतरी खुदकन हसलं. "माझ्या मुलीने आज सकाळी मला एक प्रश्न विचारला. मी तिला उत्तर दिलं नाही. तिला सांगा, मला ही लढाई चूक वाटते. पहिल्यापासून वाटते. मिस्टर किंबॉल म्हणतात ते मलाही वाटत होतं, की हे तिने डोक्यात घेऊन जाऊ नये. म्हणून मी गप्प बसले. पण मिस्टर किंबॉलना कोणी विचारलं नव्हतं. मला तिने विचारलं होतं. तिला काय झेपतं ते मी परस्पर ठरवून टाकलं."

मी भिंतीपासून एक पाऊल पुढे आले.

"तिला सांगा, तिने जाऊ नये असं मला वाटतं. ती जाणार हे मला माहीत आहे. तिने शब्द दिलाय आणि तो मोड असं मी म्हणणार नाही. मी तिला गाडीपर्यंत सोडायला जाईन. आणि तिला सांगा की सभा वगैरे काही नव्हतं. मी घाबरले होते."

आर्डिस हातोड्याकडे बघत राहिली. असलं काही टिपणात कसं लिहायचं याचा विचार ती करत असावी. मग ती म्हणाली, "बाईंचं म्हणणं सभेने ऐकलं. कॉरिन टटल, तुला काही बोलायचंय?"

कॉरिन उठली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, नियमाप्रमाणे आर्डिसकडेच बघितलं, पण तिचे कान लालबुंद झाले होते.

"सभापतीबाई, त्यांना सांगा, मला माहीत होतं. ऑक्टोबरपासून. ती बातम्या लागल्या की भांडी आपटते. मला फक्त ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं." मग ती म्हणाली, "आणि त्यांना सांगा, झेपेल."

मग मोजणी झाली. बाजूचे उभे राहिले. मी उभीच होते. अठरा वर्षांत पहिल्यांदा आर्डिसची पेन्सिल माझ्याकडे रोखली गेली आणि पुढे सरकली. सहासष्ट. आम्ही बसलो, मी भिंतीकडच्या एका रिकाम्या खुर्चीत.

विरुद्ध बाजूचे उठले. एव्हरेट पुन्हा खुर्ची धरून उठला, पण या वेळी त्याने तोंड मागे केलं, तिसऱ्या रांगेकडे. आर्डिस मोजत मोजत आली आणि तिची पेन्सिल अडली. कॉरिन उभी होती.

"कॉरिन, तू विरुद्ध आहेस?"

"नाही. मला मोजू नका, मी कुठल्याच बाजूला नाही. ते माझ्यासमोर उभे राहिलेत, मी बसून कशी राहू?"

आर्डिसने मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेवढ्यात हॉलिस उठला.

"हॉलिस, आता तू तुझ्याच ठरावाविरुद्ध का?"

"नाही, सभापतीबाई. पोरगी उभी आहे म्हणून."

मग त्याच्या मागची बाई उठली, तिने विणकाम खुर्चीत ठेवलं. मग भिंतीकडची रांग. खुर्च्या मागे सरकल्याचे आवाज येत होते. मी कधी उठले ते मला आठवत नाही. आम्ही एकमेकांशी सहमत नव्हतो. सकाळीही नव्हतो, आत्ताही नव्हतो. तरी सगळं गाव त्या एका मुलीकडे तोंड करून उभं होतं, आणि हे असं काही आमच्यात आहे हे मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं. आर्डिसने शेवटी विरुद्ध असणाऱ्यांना हात वर करायला लावले आणि हात मोजले. त्रेपन्न.

ठराव मंजूर झाला. आर्डिसने निकाल सांगितला आणि हातोडा माझ्या हातात परत दिला. मी वर गेले. सगळे अजून उभेच होते. एव्हरेट खाली बसल्याशिवाय कॉरिन बसेना. ती बसल्याशिवाय एव्हरेट बसेना, आणि त्याचे गुडघे थरथरताना मला वरून दिसत होते. ते दोघं बसल्याशिवाय बाकी कोणी बसायला तयार नव्हतं.

बसा म्हणणं हे माझं काम होतं. मी हातोडा उचलला. मी बसा म्हटलं की पुढचा विषय निघणार होता, मग त्याच्या पुढचा, पाच वाजता सभा संपणार होती, मंगळवार संपणार होता, आणि मग आठच दिवस उरणार होते. मी हातोडा तसाच वर धरून ठेवला.